दोघांत एक जोडी

मला राग लवकर येतो, आणि मोजमापात चूक झाली की सगळ्यात लवकर येतो. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या ज्या संशोधन संस्थेत मी अकरा वर्षं वर्कशॉप सांभाळते, तिथं या स्वभावाचा उपयोग होतो. घरी होत नाही. घरी माझा नवरा प्रीतम पोह्यांत मीठ अंदाजानं टाकतो आणि ते नेमकं होतं, हे मला अजून पचलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये आमचा एक नियम आहे. ज्यानं खूण केली त्यानं माप वाचायचं नाही. दुसऱ्यानं टेप धरायची, आकडा मोठ्यानं वाचायचा, खुणेशेजारी आपली सही करायची, आणि मगच ड्रिल लावायचं. खूण करणाऱ्याला जे दिसायला हवं असतं तेच त्याला दिसतं, म्हणून हा नियम. मी तो घरीही पाळते. भिंतीवर घड्याळ लावायचं असलं तरी प्रीतमला हाक मारते. तो टेप धरतो, सही करतो आणि म्हणतो, "भावना, लग्न ठरवताना तू कुणाला वाचायला लावलं होतंस?"

या जानेवारीत वाचायचं काम मी माझ्या वडिलांना दिलं, आणि त्यांनी मला धडधडीत फसवलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला मला दहा दिवस लागले.

माझे वडील भीमराव. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सव्वीस वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. अकोल्याच्या चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात वाढलेला हा माणूस ऐन तारुण्यातले चौदा हिवाळे गुलमर्गला होता. तिथं जवानांना स्कीवरून चालायला, चढायला, उतरायला शिकवायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील सुट्टीवर येताना नाक सोलवटूनच येतात.

आई गेल्यावर आम्ही त्यांना सिंगापूरला घेऊन आलो. त्याला आता तीन वर्षं झाली. ते येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि विमानतळावर तिच्या वजनावरून माझं डोकं फिरलं. आत चार सदरे होते, आईची एक शाल होती, वंदनेचं पुस्तक होतं आणि वर्तमानपत्रं कोंबलेले चामड्याचे बूट होते. जुने, काळे, दगडासारखे जड. पुढच्या बाजूनं सोल बदकाच्या चोचीसारखा बाहेर आलेला आणि त्यात तीन भोकं. उजवा बूट डाव्यापेक्षा जरा वेगळा होता. एका हिवाळ्यात बर्फानं अण्णांच्या उजव्या पायाची दोन बोटं नेली. ते बरे झाल्यावर टंगमर्गच्या एका कारागिरानं तो बूट उसवून, आतून लोकर भरून, त्यांच्या उरलेल्या पायाला बसेल असा पुन्हा शिवून दिला. तेव्हापासून बर्फावर अण्णांच्या पायात दुसरा कुठलाही बूट बसलेला नाही.

"इथं बर्फ कुठं आहे, अण्णा?" मी विमानतळावरच विचारलं होतं.

"फ्रिजात आहे ना," ते म्हणाले.

आमचा फ्लॅट जुरोंग ईस्टला आहे. इथल्या बऱ्याच नव्या फ्लॅटना असते तशी आमच्याकडे जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक खोली आहे. युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेली. लोक तिथं सूटकेस, जुने पंखे आणि तांदळाची पोती ठेवतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी तिला बंकर असं नाव दिलं आणि तिचा ताबा घेतला. बूट आत ठेवले, हवेतली ओल ओढणारं यंत्र माझ्याकडून मागून घेतलं, आणि दर रविवारी सकाळी वंदना झाली की ते बुटांना मेण लावून बसतात. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फातले बूट इतक्या प्रेमानं सांभाळणारा माणूस दुसरा नसेल.

माझी स्कीची जोडीही त्याच बंकरमध्ये उभी होती. ती मला माझ्या एका नॉर्वेच्या सहकाऱ्यानं दिली. चार वर्षांपूर्वी वर्कशॉपची आम्ही काही मंडळी जपानला होक्काइडोला गेलो होतो, तेव्हा त्यानं मला टेलीमार्क शिकवलं. टेलीमार्क म्हणजे बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीला अडकवायचं आणि टाच मोकळी ठेवायची. वळताना एक पाय पुढे टाकायचा, मागच्या पायाची टाच उचलायची आणि गुडघ्यात वाकायचं, जवळजवळ कुणाला तरी नमस्कार करायला वाकल्यासारखं. मी पहिल्या दिवशी एकतीस वेळा पडले. मोजले होते. संध्याकाळी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं.

"टाच मोकळी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो."

"अगं, ते तर आमचं."

तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. ज्याला ते घरी नुसतं 'बर्फातलं काम' म्हणत आले होते, ते हेच. सहकारी कायमचा मायदेशी परतला तेव्हा त्यानं एक कोरी जोडी माझ्या टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी लिहिली, की भोकं तूच पाड, तुझ्यासारखी नीट दुसरं कोणी पाडणार नाही. जोडी त्याच्या एका मित्रानं हातानं घडवलेली होती. बायंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा सांगाडा, कुठं बसवायचा याची कंपनीची खूण त्यावर नव्हती. अशी वस्तू कुणी विश्वासानं दिली की मला तिला हात लावायची भीती वाटते. दीड वर्ष मी तिला भोक पाडलं नाही. होक्काइडोला गेले की भाड्याची स्की घ्यायचे.

मग गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी अण्णांच्या गुडघ्यांचे फोटो बघितले. दोन्ही बदलावे लागतील म्हणाले, एप्रिलमध्ये. त्यानंतर चालता येईल, जिने चढता येतील, फिरायला जाता येईल. मी विचारलं, "आणि स्की?" डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग एकोणसत्तर वर्षांच्या अण्णांकडे पाहिलं. "नंतर नाही," त्या म्हणाल्या. "आधी, अगदी सौम्य उतारावर, थोडंसं, गुडघ्यावर जोर न देता... मी हो म्हणत नाही. पण बांधूनही ठेवू शकत नाही."

 घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मी म्हटलं, "फेब्रुवारीत होक्काइडोला जाऊ या."

"मी बघायला येईन," ते म्हणाले.

"बघायला नाही."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. क्लेमेंटी स्टेशन आलं तेव्हा म्हणाले, "दोनच फेऱ्या. जास्त नको."

आता प्रश्न एवढाच होता, की त्यांचे बूट कशावर बसवायचे. भाड्यानं मिळणाऱ्या स्कीवर तीन खिळ्यांचं जुनं बायंडिंग मिळत नाही आणि दुसरे बूट त्यांना चालत नाहीत. अण्णांच्या बुटांच्या तीन भोकांत बसणारं जुनं बायंडिंग मी ऑनलाइन शोधून मागवलं, पण माझे बूट नव्या पद्धतीचे, त्यांचं बायंडिंग निराळं. दुसरी जोडी घेऊ या, असं प्रीतम म्हणाला. अण्णांनी हात झटकला.

"दोघांत एक जोडी. आम्ही तसंच शिकलो. एकानं उतरायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहायचं."

मला ते पटलं, कारण त्यात इंजिनिअरिंग होतं. स्कीत कायमचे स्टीलचे इन्सर्ट बसवायचे. हे करंगळीच्या नखाएवढे छोटे दंडगोल असतात, त्यांना बाहेरून आणि आतून आटे असतात. बाहेरच्या आट्यांनी ते लाकडात घट्ट बसतात, वरून इपॉक्सीचा पक्का गोंद, आणि मग आतल्या आट्यांत स्क्रू कितीही वेळा लावा आणि काढा. एकाच स्कीवर दोन बायंडिंगची भोकं पाडली की झालं. मी उतरले की माझं काढायचं, अण्णांचं लावायचं. दोघांनी मिळून केलं तर आठ मिनिटांचं काम.

मी मोठ्या कागदावर दोन्ही बायंडिंगची भोकं काढली, प्रत्येक त्याच्या योग्य जागी. माझी चार, अण्णांची तीन. आणि तिथंच घोडं अडलं. अण्णांचं एक भोक माझ्या एका भोकाच्या पाच मिलिमीटर मागे येत होतं. इतकी जवळ दोन भोकं पाडली तर मधलं लाकूड फुटतं. कुणाचं तरी बायंडिंग एक सेंटिमीटर सरकवायला हवं होतं. माझं पुढे, नाहीतर अण्णांचं मागे.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी अण्णांना समजावलं. माझं पुढे सरकलं तर मऊ बर्फात स्कीचं टोक बुडेल, मला जरा सांभाळून उतरावं लागेल. त्यांचं मागे सरकलं तर वळताना गुडघ्यावर जास्त जोर येईल.

"माझं मागे घे," अण्णा म्हणाले.

"गुडघे तुमचे खराब आहेत, माझे नाहीत."

"मला दोन फेऱ्या मारायच्यात. ही स्की तू पुढची वीस वर्षं वापरणार."

"अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलं? जोर द्यायचा नाही. माझं पुढे जाईल. विषय संपला."

"भावना, ऐक तर—"

"इंजिनिअर कोण आहे या घरात?"

मी हे जरा मोठ्यानंच बोलले. प्रीतम उठून गॅसकडे गेला, गॅसवर काही नसताना. अण्णांनी कागदावरून बोट काढलं आणि म्हणाले, "बरं, साहेब."

ते इतक्या लवकर ऐकतात तेव्हा शंका यायला हवी. मला आली नाही. मला फार बरं वाटत होतं. ज्या माणसानं बदलीच्या प्रत्येक गावी आधी माझी शाळा शोधली आणि मग राहायची खोली, स्वतः सातवीत शाळा सोडून मला गणिताचे पाढे पाठ करायला लावले, त्याच्यासाठी मी एक सेंटिमीटर सोडत होते. आपण किती चांगली मुलगी आहोत, या विचारात मी त्या आठवड्यात फार प्रसन्न होते. प्रीतमनंही तसं बोलून दाखवलं, जरा आश्चर्यानंच.

शनिवारी दुपारी काम काढलं. दोन्ही स्की टेबलावर क्लॅम्पनं बांधल्या. मागच्या टोकापासून एक्क्याऐंशी सेंटिमीटरवर अण्णांची रेघ, हीच खरी योग्य जागा. माझी तिच्या पुढे, ठरल्याप्रमाणे योग्य जागेपेक्षा एक सेंटिमीटर सरकवलेली. दोन्ही बायंडिंगची सातही भोकं एकाच कागदावर काढलेली होती, म्हणजे त्यांच्यातलं अंतर चुकायची भीती नाही. प्रत्येक स्कीवर एकेक कागद नीट बसवून चिकटपट्टीनं लावला.

मग लक्षात आलं, की खालच्या मजल्यावरच्या आंटींना सांगायला हवं. त्या दुपारी झोपतात आणि आमच्या डोक्यावरच्या आवाजाबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. मी खाली गेले. आंटींनी दार उघडलं, माझ्या हातातलं ड्रिल बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, हाऊ लाँग?"

"वीस मिनिटं, आंटी. वडिलांसाठी आहे. स्कीला भोकं पाडायचीत."

"स्की? सिंगापूरमध्ये? युअर फादर सो ओल्ड ऑलरेडी!" मग त्यांनी आत बोलावलं. चिनी नव्या वर्षासाठी अननसाच्या टार्ट केल्या होत्या, त्यांचा डबा भरेपर्यंत मला सोडलं नाही. अण्णा लिफ्टमध्ये रोज त्यांची भाजीची पिशवी उचलतात, हे मला तिथं कळलं. "गुड मॅन लह, युअर फादर," त्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. पंधरा मिनिटं तरी गेली असतील.

वर आले तर अण्णा टेबलाशेजारी हात मागे बांधून उभे होते. एकदम सावधान.

"चला," मी म्हटलं, "टेप धरा. मागच्या टोकापासून तुमच्या रेघेपर्यंत. मोठ्यानं वाचा."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला, टेप ताणली, वाकून नीट पाहिलं. "एक्क्याऐंशी."

"दुसरी?"

दुसरीही तेवढ्याच काळजीनं मोजली. "एक्क्याऐंशी."

"सही."

चिकटपट्टीवर त्यांनी पेन्सिलीनं 'भी. ग.' लिहिलं. मी ड्रिलच्या टोकाला खोलीची खूण म्हणून पट्टी गुंडाळली आणि चौदा भोकं पाडली. लाकडाचा पांढरा भुसा वळून वर आला. अण्णा प्रत्येक भोकानंतर फुंकर मारत होते. इन्सर्ट फिरवून बसवले, इपॉक्सी भरली, पुसली. आम्ही तिघांनी टार्ट खाल्ल्या. त्या दुपारइतकं सुख मला क्वचित झालं असेल.

पुढच्या शनिवारी चाचणी. इथं एका मॉलमध्ये फिरत्या गालिच्याचा उतार आहे. पांढरा, ओलसर गालिचा खालून वर फिरत राहतो आणि आपण त्यावर जागच्या जागी उतरत राहतो. आपली स्की आणायची परवानगी मी फोटो पाठवून आधीच घेतली होती. शिकवणारी मुलगी विशीतली होती. अण्णांचे बूट बघून तिनं हात जोडल्यासारखे केले. "अंकल, हे म्युझियममधून आणले का?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी भाषांतर केलं. अण्णा खूश झाले.

आधी मी उतरले. टोक जड लागणार, वजन मागे ठेवावं लागणार, अशी मनाची तयारी करून उभी राहिले, आणि तसं काहीच झालं नाही. स्की माझ्या पायाखाली अशी नेमकी होती, की पुढे पाय टाकला की ती आपण होऊन वळायची. मला वाटलं, गालिच्यावर फरक कळत नसेल.

मग प्रीतमनं आणि मी बायंडिंग बदललं आणि अण्णा चढले.

बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी माझ्या वडिलांना स्कीवर पहिल्यांदा बघत होते. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू ताट घेऊन निघालेत. डावा पाय पुढे गेला, उजवी टाच उचलली, शरीर खाली बसलं आणि वळलं. मग उजवा. मॉलमध्ये आइस्क्रीम खात जाणारी माणसं काचेपलीकडे थांबली. शिकवणारी मुलगी "वाह, अंकल, वाह" एवढंच म्हणत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

पण मी वर्कशॉपवाली आहे. चौथ्या वळणाला मला दिसलं, की स्की त्यांच्यामागून येत नाहीये. ते तिला ओढून वळवत होते. प्रत्येक वळणाला उजवा गुडघा थरथरत होता आणि त्यांचे ओठ आवळलेले होते. दोन मिनिटांनी मी हात वर करून गालिचा थांबवायला सांगितला.

अण्णा बाकावर बसले. चेहरा घामानं भिजलेला आणि उजळलेला. "छान आहे," ते म्हणाले. "एकदम झकास."

मी पिशवीतून टेप काढली. "प्रीतम, मागच्या टोकापासून अण्णांच्या रेघेपर्यंत वाच."

"ऐंशी," प्रीतम म्हणाला.

"नीट वाच."

"ऐंशी गं. वर ना खाली."

"दुसरी."

"ऐंशी."

मी अण्णांकडे वळले. ते बुटांच्या नाड्या सोडण्यात अतिशय गुंतलेले होते.

"मी आंटींकडे गेले होते तेव्हा," मी म्हटलं.

"हं."

"तुम्ही अख्खा कागद मागे सरकवलात."

"एक सेंटिमीटर. दोन्ही कागद. रेघा फिरून मारल्या. तुझं जागेवर आलं, माझं मागे गेलं."

"आणि मग वाचलं एक्क्याऐंशी."

"खोटं वाचलं," अण्णा म्हणाले. "सव्वीस वर्षांच्या नोकरीत चुकीच्या आकड्याखाली कधी सही केली नाही. ही पहिली."

मी ओरडले. मॉलमध्ये, माणसांसमोर, मराठीत. गुडघ्यांचं ओरडले, डॉक्टरांचं ओरडले, नियम कशासाठी असतात हे ओरडले. शिकवणारी मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली आणि आल्या पावली परत गेली. अण्णा शांतपणे ऐकत होते. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, "बस इथं."

मी बसले.

"दोघांत एक जोडी असायची, हे तुला सांगितलंय. माझा जोडीदार कोण होता, ते नाही सांगितलं. आमचे उस्ताद. हिमाचलातल्या लाहौलचे होते, स्कीवरच चालायला शिकलेले. बायंडिंग एकदाच ठोकायचं, हलवायचं नाही. त्यांनी माझं माप घेतलं आणि माझ्या मापानं ठोकलं. अख्खा हिवाळा ते माझ्या मापावर उतरले, त्यांना ते अजिबात बसत नव्हतं. मी विचारलं, उस्ताद, असं का? म्हणाले, सीखना तुझे है. मुझे तो आता है." अण्णांनी उजवा बूट काढून मांडीवर घेतला. "पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्यांना धन्यवाद म्हणायचं मला सुचलंच नाही. एकवीस वर्षांचा होतो, अक्कल नव्हती. नंतर पत्ता शोधला, तर ते गेलेले. भावना, मला येतं गं हे. ज्याला येतं त्याला एक सेंटिमीटर इकडंतिकडं चालतं. तुला अजून शिकायचंय."

 मी अजून चिडलेलीच होते. त्यांचा दुसरा बूट काढला, पायमोजा सरळ केला आणि स्की पिशवीत भरल्या.

राग उतरायला तीन दिवस लागले. इन्सर्ट बसले होते, ते आता निघणार नव्हते. नवी भोकं पाडायला जागा नव्हती. मंगळवारी वर्कशॉपमध्ये एका मुलानं माझ्यासमोर दोन न जुळणारे भाग ठेवले आणि विचारलं, काय करू? मी वर न बघताच म्हटलं, "मध्ये प्लेट टाक की."

आणि मग मी हातातलं काम खाली ठेवलं.

मध्ये प्लेट टाकायची. ॲल्युमिनियमची, आठ मिलिमीटर जाड. ती अण्णांच्या तीन इन्सर्टमध्ये स्क्रूनं बसेल. तिच्यावर वेगळे आटे पाडायचे, एक सेंटिमीटर पुढे, आणि त्यांवर अण्णांचं बायंडिंग. माझं माझ्या योग्य जागी, त्यांचं त्यांच्या. कुणालाच काही सोडायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांनाही दहा मिनिटांत सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी वडिलांसाठी त्याग करण्यात गुंग होते. अण्णांना सुचलं नाही, कारण ते माझ्यासाठी करण्यात गुंग होते. एका सेंटिमीटरवरून आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांना इतक्या जोरात वाट देत होतो, की दारातून कुणीच आत गेलं नव्हतं.

मी एकटीच खूप हसले. मग जुरोंगमधल्या एका ओळखीच्या मशीन शॉपमध्ये जाऊन त्याच दुपारी दोन प्लेटा करून घेतल्या. मालकांनी नकाशा पाहून विचारलं, कशासाठी? वडिलांसाठी म्हटल्यावर त्यांनी कडा हातानं घासून गोल करून दिल्या, न सांगता. या शहरात माझ्यावर अशा किती जणांनी न सांगता मेहरबानी केली आहे, त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत.

त्याच संध्याकाळी, म्हणजे फसवणुकीनंतर बरोबर दहा दिवसांनी, मी प्लेटा घेऊन घरी आले. अण्णा बंकरच्या दारात स्टुलावर बसून बुटांना मेण लावत होते. मी दोन्ही स्कींवर प्लेट बसवली, वर त्यांचं बायंडिंग बसवलं, स्क्रू आवळले आणि नवी रेघ मारली. मी काय केलंय हे त्यांनी विचारलं नाही, नुसती प्लेटवरून बोटं फिरवली. समजायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"म्हणजे दोघांचंही..." ते म्हणाले.

"दोघांचंही."

"उस्तादांना हे सुचलं असतं तर."

"ते त्याग करण्यात गुंग असतील," मी म्हटलं. अण्णा हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पुसत असताना मी म्हटलं, कारण त्याच वेळी म्हणता आलं, "अण्णा, तुम्ही मला शाळेपासून सगळं तुमचं माप बाजूला ठेवून दिलंत. मी कधी म्हटलं नाही. आता म्हणते. धन्यवाद." आमच्या घरात हा शब्द पाहुण्यांसाठी असतो. अण्णा इतके गोंधळले, की त्यांनी मेणाचा डबा उलटा बंद केला.

मग मी त्यांच्या हातात टेप दिली. "वाचा."

त्यांनी चष्मा ओढला, वाकले, वेळ घेतला.

"एक्क्याऐंशी."

"दुसरी?"

"एक्क्याऐंशी." चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू तपासून घे. या माणसाचा आता भरवसा नाही."

प्रीतमनं टेपसाठी हात पुढे केला. मी ती गुंडाळून खिशात टाकली. "सही करा," मी अण्णांना म्हटलं.

फेब्रुवारीत होक्काइडोच्या एका छोट्या, सौम्य उतारावर, जिथं एरवी लहान मुलं शिकतात, अण्णा त्यांच्या मापावर उतरले. स्की त्यांच्यामागून येत होती, ओढावी लागत नव्हती. मी खाली उभी होते. पहिली फेरी, दुसरी फेरी. ठरल्याप्रमाणे मी गुडघे टेकून बसले आणि बायंडिंग बदलायला स्क्रूड्रायव्हर काढला.

अण्णांनी पाय मागे घेतला.

"थांब," ते म्हणाले. "अजून एक."